कॅसिनोच्या चिपला मिळालेले नाव-गाव

डोंबिवली स्थानकातील एटीव्हीएम यंत्रावर स्मार्ट कार्ड ठेवले, की यंत्र ते कार्ड ओळखते आणि तिकिटाचे पैसे त्यातून वळते करून घेते. खालापूरच्या टोल नाक्यावर गाडीच्या काचेवरील फास्टॅग दुरूनच वाचला जातो. या दोन्ही वस्तूंमध्ये बॅटरी नसते. समोरचे यंत्र रेडिओ लहरी सोडते, त्या लहरींतूनच ही वस्तू क्षणभरापुरती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक सांगून पुन्हा निपचित पडते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील नोकरदारांच्या अंगवळणी पडलेले हेच तंत्र गेल्या दोन दशकांत एका अगदी वेगळ्या जागी, म्हणजे जुगाराच्या टेबलावर, जाऊन बसले आहे. कॅसिनोत पैशाऐवजी वापरल्या जाणाऱ्या चिपच्या पोटात रेडिओ लहरींना उत्तर देणारा टॅग दडवला जातो. त्याला आरएफआयडी टॅग म्हणतात. ही चिप म्हणजे संगणकातली चिप नव्हे, ही साधी गोल चकती. लेखात गोंधळ होऊ नये म्हणून चकतीला 'चिप' आणि तिच्या आतील इलेक्ट्रॉनिक भागाला 'टॅग' म्हटले आहे.

चिपमध्ये टॅग घालण्याची गरज का पडली, हे कळण्यासाठी आधी चिप म्हणजे काय हे पाहावे लागते. सुमारे ३९ मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा साडेआठ ते दहा ग्रॅम वजनाची ही चकती दिसायला कॅरमच्या सोंगटीची थोरली बहीण शोभते. परंतु जुन्या पेढ्यांवरील दर्शनी हुंडी जशी दाखवताच वटत असे, तशीच चिप कॅशियरच्या खिडकीत ठेवली की पैसे मिळतात. ती कोणाकडून आली, कशी आली हे विचारण्याची रीत नव्हती. चलनी नोटेवर निदान क्रमांक तरी असतो, साध्या चिपवर तोही नसतो. शंभर डॉलरची एक चिप शंभर डॉलरच्या दुसऱ्या चिपसारखी हुबेहूब असते आणि कॅसिनोचा सारा धोका याच सारखेपणात साठलेला असतो. नोट छापण्यासाठी सरकारी छापखान्याची नक्कल करावी लागते. चिपची नक्कल करण्यास साचा, रंग आणि चिकाटी एवढे पुरे.

शौचालयात वाहून गेलेली लबाडी

अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोत जानेवारी २०१४ मध्ये पोकरची मोठी स्पर्धा सुरू होती. प्रवेशशुल्क भरलेल्या प्रत्येक खेळाडूला ठरावीक चिप मिळतात आणि ज्याच्या चिप संपतात तो बाद होतो, असा या स्पर्धांचा नियम. एका खेळाडूने चीनमधून मागवलेल्या बनावट चिप हळूहळू आपल्या ढिगात मिसळण्यास आरंभ केला. संशय येऊ लागताच त्याने उरलेल्या चिप आपण उतरलेल्या शेजारच्या हॉटेलातील खोलीच्या शौचालयात टाकून दिल्या. चिप सांडपाण्याच्या नळांत अडकल्या, नळ तुंबले आणि प्लंबरच्या हाती सुमारे २७ लाख डॉलर दर्शनी किमतीचा बनावट ऐवज लागला. स्पर्धा निम्म्यावर थांबवावी लागली. त्या खेळाडूला पुढे तुरुंगवास झाला. मात्र प्रामाणिकपणे खेळून शेवटच्या टप्प्यात पोहोचलेल्यांची बक्षिसे अडकून पडली आणि स्पर्धेतून बाद झालेल्यांना आपण खऱ्या चिपपुढे हरलो की खोट्या, हे कळण्याचा मार्गच उरला नाही. या घटनेत चिपच्या नकलेइतकाच दोष स्पर्धेच्या चिपकडे पाहण्याच्या दृष्टीचाही होता. स्पर्धेतील चिप खिडकीवर वटत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सुरक्षेवर खर्च कशाला करायचा, असा सर्वत्र समज होता.

चोरीचे गाजलेले उदाहरण त्याआधीचे, लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोतले. १४ डिसेंबर २०१० रोजी पहाटे हेल्मेट घातलेला एक युवक पिस्तूल घेऊन आत शिरला, फाशांच्या टेबलावरून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप लुटून मोटारसायकलवरून पसार झाला. तो एका न्यायाधीशाचा मुलगा निघाला, ही या प्रकरणातील आणखी एक चविष्ट बाब. लुटीत २५ हजार डॉलरच्या चिप होत्या. पण लूट हाती आली तरी ती वटवायची कोठे? चिप वटते ती केवळ त्याच कॅसिनोत. बेलाजिओने २५ हजार डॉलरच्या चिपची ती संपूर्ण मालिकाच बाद करण्याचे जाहीर केले आणि ज्यांच्याकडे त्या असतील त्यांना एप्रिल २०११ पर्यंत त्या परत करण्याची मुदत दिली. उतावीळ झालेल्या चोराने ग्राहक शोधण्याचा प्रयत्न केला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये वेश बदलून आलेल्या पोलिसाला चिप विकताना तो पकडला गेला.

मालिका बाद करणे हा कॅसिनोंचा जुना रामबाण उपाय. पण तो ओल्याबरोबर सुकेही जाळतो. चोराकडच्या मूठभर चिप निकामी करण्यासाठी ज्यांनी रीतसर पैसे मोजून त्या घेतल्या, अशा साऱ्यांनाच धावाधाव करावी लागते. प्रत्येक चिपला स्वतःचा क्रमांक असता, तर केवळ चोरीस गेलेले क्रमांक बाद करून भागले असते. आरएफआयडीची खरी देणगी ती हीच. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या लाखो चकत्यांपैकी प्रत्येकीला टॅगमुळे स्वतंत्र नाव-गाव मिळते.

हजेरी घेणारे टेबल

हे तंत्र नवे नाही. परावर्तित लहरींच्या साह्याने संदेश पाठवण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये एका शोधनिबंधात मांडली. स्मृती असलेल्या टॅगचे पेटंट मारिओ कार्डुलो यांना १९७३ मध्ये मिळाले. चिपमध्ये टॅग बसवण्याजोगा तो लहान आणि स्वस्त होण्यास मात्र शतक उलटावे लागले. एप्रिल २००५ मध्ये उघडलेल्या विन लास व्हेगास या कॅसिनोने आरंभापासूनच टॅगयुक्त चिप वापरल्या आणि या प्रयोगाची जगभर चर्चा झाली. चिप बनवणारा व्यवसाय मोजक्या हातांत आहे. फ्रान्सच्या बोन शहरातील बुर्गोन्य ए ग्रासे आणि अमेरिकेतील पॉल-सन या दोन जुन्या कंपन्या २००२ मध्ये एकत्र येऊन गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल बनली. ती २०१९ मध्ये पत्ते बनवणाऱ्या एंजल या जपानी उद्योगाने घेतली.

चिपच्या मध्यभागी तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला तिळाएवढा सिलिकॉनचा तुकडा असतो. टेबलावरच्या हिरव्या कापडाखाली, जेथे पैज लावायची त्या प्रत्येक जागी, अँटेना बसवलेला असतो. चिप तेथे ठेवताच अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि टॅग आपला क्रमांक कळवतो. सुरुवातीच्या चिप १२५ किलोहर्ट्झवर चालत. पुढे १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग आले आणि वाचनाचा वेग वाढला. फास्टॅगचा पट्टा याहून बराच वरचा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. म्हणूनच तो काही मीटरवरून वाचता येतो आणि कॅसिनोची चिप मात्र वीतभर अंतरापलीकडे सहसा बोलत नाही. हे अंतर कमी आहे ते बरेच आहे, कारण शेजारच्या खेळाडूची पैज आपल्या नावावर मोजली जावी, असे कोणालाच वाटणार नाही.

खरी अडचण ढिगाची असते. वीस चिप एकावर एक रचल्या असता सगळे टॅग एकदम उत्तर देऊ लागले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. त्यासाठी वर्गातील हजेरीची युक्ती वापरली जाते. यंत्र गटागटाने हाक मारते, ज्याचा क्रमांक जुळतो त्याने उत्तर द्यायचे आणि इतरांनी गप्प राहायचे. हे सारे इतक्या वेगाने चालते, की खेळाडूने हात मागे घेण्याआधीच ढिगाची बेरीज संगणकात गेलेली असते.

या हजेरीने एका जुन्या लबाडीची नाकेबंदी केली. रूलेटची चेंडूफिरकी थांबून निकाल लागल्यावर डीलरची नजर चुकवून जिंकलेल्या आकड्यावर चिप सरकवणे, किंवा हलक्या चिपच्या आड मोठ्या किमतीची चिप लपवून ठेवणे, या हातचलाखीवर कित्येकांनी आयुष्य काढले. छतावरच्या कॅमेऱ्याला ढीग दिसतो, ढिगाच्या पोटातली किंमत दिसत नाही. पैजा बंद झाल्या त्या क्षणी कोणत्या जागेवर कोणत्या क्रमांकाच्या चिप होत्या, याची नोंद यंत्राकडे असते आणि त्यानंतर आलेली चिप तत्काळ उघडी पडते. डीलरने चुकून जादा पैसे दिले, तरी तेही कळते. बाहेरच्या चोरापेक्षा घरचा भेदी कॅसिनोला अधिक महागात पडतो. मकाऊच्या विन कॅसिनोत जानेवारी २०१८ मध्ये एका डीलरनेच सुमारे चार कोटी ऐंशी लाख हाँगकाँग डॉलरच्या चिप लांबवल्या होत्या. मकाऊतील कॅसिनोंनी २०२४ च्या सुमारास बॅकारॅटची टेबले मोठ्या प्रमाणावर टॅग वाचणाऱ्या 'स्मार्ट' टेबलांत बदलण्यास सुरुवात केली, ती काही केवळ खेळाडूंवरील अविश्वासातून नव्हे.

टॅगला काय जमत नाही

चित्रपटांमुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. चोरीची चिप शहरात कोठेही असो, पडद्यावर लाल ठिपका लुकलुकतो आणि पोलीस तेथे पोहोचतात. प्रत्यक्षात असे काही होत नाही. बॅटरी नसलेला टॅग वीतभर अंतरावरच्या यंत्रालाच उत्तर देतो. चोराने चिप कपाटात ठेवली, तर ती वर्षानुवर्षे मूक राहील. टॅग चोराला शोधत नाही. चोर स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत येईल, याची तो वाट पाहतो.

टॅगचीही नक्कल होऊ शकते. केवळ क्रमांक सांगणारा साधा टॅग असेल, तर तो क्रमांक वाचून दुसऱ्या टॅगवर उतरवणे जाणकाराला अवघड नाही. मात्र एकाच क्रमांकाच्या दोन चिप एकाच वेळी दोन टेबलांवर दिसल्या, की नोंदवहीच ओरडते. अलीकडच्या टॅगमध्ये गुप्त किल्ली ठेवलेली असते. यंत्र दरवेळी नवा प्रश्न विचारते आणि किल्ली असलेल्या टॅगलाच त्याचे बरोबर उत्तर देता येते, त्यामुळे एकदा चोरून ऐकलेले उत्तर पुढच्या वेळी कामास येत नाही. तीव्र लहरींचा मारा करून टॅग मारताही येतो. परंतु मेलेल्या टॅगची चिप खिडकीवर आली, की तिच्याबद्दल प्रश्न विचारले जाणारच. म्हणूनच टॅग आला तरी जुनी हत्यारे कोणी टाकलेली नाहीत. कडेवरच्या रंगीत पट्ट्या, अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या खुणा, सूक्ष्म अक्षरे आणि नेमके वजन यांची तपासणी चालूच असते.

शिवाय सारा भार अखेर नोंदवहीवर येऊन पडतो. कोणता क्रमांक खरा, कोणता बाद, हे ठरवणारा संगणक ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न चिपमध्ये टॅग घालून सुटत नाही.

१९७६ चे दोन कायदे

ठाणे जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात कोठेही, कायदेशीर कॅसिनो नाही. त्याची कथा मजेशीर आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंचे नियंत्रण व कर आकारणीचा कायदा संमत केला, पण तो अमलात कधीच आला नाही. कॅसिनो सुरू करू इच्छिणारे अधूनमधून त्याचा आधार घेऊन न्यायालयाची पायरी चढत राहिले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. सत्तेचाळीस वर्षे कागदावर राहिलेल्या या कायद्याखाली एकही चिप टेबलावर आली नाही. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा मात्र राज्यात आपले काम करत आला आहे. कल्याण शहराच्या माथी विनाकारण आलेला एक डागही येथेच पुसलेला बरा. 'कल्याण मटका' हे नाव शहरावरून पडलेले नाही. १९६२ मध्ये वरळीत तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून ते पडले. त्या धंद्यात चिप नव्हती, होती ती चिठ्ठी आणि बुकीच्या शब्दावरचा भरवसा.

गोव्यातही जुगाराचा कायदा त्याच १९७६ सालचा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, आणि १९९६ मध्ये जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगी देण्याची तरतूद झाली. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या कॅसिनो नौकांचे मूळ या दुरुस्तीत आहे. फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातील रहिवाशांना तेथे खेळण्यास मनाई करण्यात आली. त्यामुळे या नौकांचा ग्राहक म्हणजे बाहेरून आलेला पर्यटकच. ठाण्याला थांबणाऱ्या मांडवी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसने सुट्टीला जाणाऱ्या मंडळींपैकी काहींची पावले तिकडे वळतात, म्हणून चिपचा विषय येथील वाचकाला अगदीच परका नाही.

भारतात चिपच्या मोजणीला आणखी एक, काहीसे अनपेक्षित, महत्त्व आले आहे ते करामुळे. कॅसिनोने वस्तू व सेवा कर कशावर भरावा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. समजा, एका पर्यटकाने दहा हजार रुपयांच्या चिप घेतल्या. रात्रभर जिंकत-हरत त्याने त्याच चिप वीस वेळा टेबलावर ठेवल्या आणि शेवटी सहा हजारांच्या चिप घेऊन तो खिडकीवर आला. कर दहा हजारांवर, दोन लाखांच्या एकूण पैजांवर, की कॅसिनोच्या हाती राहिलेल्या चार हजारांवर? उत्तर बदलले की कराची रक्कम कित्येक पटींनी बदलते. मांडवीतील काही नौका चालवणाऱ्या डेल्टा कॉर्प या कंपनीला सप्टेंबर २०२३ मध्ये जुलै २०१७ ते मार्च २०२२ या काळासाठी सुमारे ११ हजार १३९ कोटी रुपयांच्या करमागणीची नोटीस आली, ती एकूण पैजांच्या हिशेबावरच. कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम स्पष्ट करण्यात आला. चिप विकत घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर कर लागेल, न वापरलेल्या चिप परत केल्या तरी ती रक्कम वजा होणार नाही, मात्र जिंकलेल्या रकमेतून पुन्हा खेळल्यास त्यावर वेगळा कर नाही. त्या वेळी २८ टक्के असलेला दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला.

म्हणजे सरकारच्या तिजोरीत काय पडणार, हे खिडकीतून किती चिप विकल्या गेल्या यावर ठरते. चिपला क्रमांक नसेल, तर ही मोजणी कॅसिनोच्या वहीवर आणि कॅमेऱ्यांवर अवलंबून राहते. क्रमांक असेल, तर कोणती चिप केव्हा विकली गेली, किती वेळा टेबलावर आली आणि केव्हा परतली याचा माग लागतो. काळा पैसा पांढरा करण्याची जुनी वाटही येथेच अडते. रोख रकमेच्या चिप घ्यायच्या, नावापुरते खेळायचे आणि 'जिंकलेली रक्कम' म्हणून पैसे परत घ्यायचे, ही ती वाट. विकल्या गेल्यानंतर एकदाही टेबलावर न आलेल्या चिप परत आल्या, तर टॅगची नोंद ते सांगते. २००९ च्या दुरुस्तीने कॅसिनोंना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले आहे, त्यामुळे अशा संशयास्पद व्यवहारांची माहिती देणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते.

खेळाडूची बाजू

टॅगयुक्त चिपची जाहिरात सुरक्षेच्या नावाने होते, पण कॅसिनोला तिचे आकर्षण त्याहून मोठे आहे. पूर्वी कोणता पाहुणा किती मोठे खेळतो, हे पर्यवेक्षक डोळ्यांनी जोखून ठरवत असे आणि त्यावरून फुकटच्या खोलीचे, जेवणाचे आमिष दाखवले जाई. आता खेळाडूचे सदस्यत्व कार्ड आणि त्याच्यासमोरच्या चिपचे क्रमांक एकत्र केले, की त्याने प्रत्येक डावात किती लावले, हरल्यावर पैज वाढवली की कमी केली, कोणत्या घटकेला उठला, हे सारे अचूक कळते. हरत असतानाही जो थांबत नाही, तो कोण हे यंत्राला सर्वांत आधी समजते. ही माहिती त्याला थांबवण्यासाठी वापरायची की पुन्हा बोलावण्यासाठी, हे तंत्र ठरवत नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीसाठी संमतीचे बंधन घातले आहे. परंतु नौकेवर पाय ठेवण्याच्या घाईत सदस्यत्वाच्या अर्जावर काय लिहिले आहे, हे वाचणारे विरळाच.

चिपच्या मालकीबद्दलही खेळाडूंचा समज अनेकदा चुकीचा असतो. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील नियम सांगतात, की चिप ही कॅसिनोचीच मालमत्ता असते आणि खेळाडूच्या हाती असतो तो केवळ तिच्या किमतीएवढा येण्याचा पुरावा. म्हणूनच अनोळखी माणसाने 'खिडकीवर रांग आहे' म्हणून स्वस्तात देऊ केलेली चिप घेणे धोक्याचे. तिचा क्रमांक बाद यादीत निघाला, तर उत्तरे घेणाऱ्यालाच द्यावी लागतात. चिप विकत घेतल्याची पावती परत येईपर्यंत जपून ठेवणे केव्हाही हिताचे.

पुष्कळ पर्यटक आठवण म्हणून एखादी चिप खिशात घालून घरी आणतात. कॅसिनोला त्याचे दुःख नसते, कारण न वटलेली चिप म्हणजे न फेडावे लागलेले देणे. डोंबिवलीच्या एखाद्या दिवाणखान्यातील शोकेसमध्ये ती गणपतीच्या छोट्या मूर्तीशेजारी पडून राहते. चिपमध्ये टॅग असेल, तर कॅसिनोच्या नोंदवहीत तिच्या क्रमांकापुढे विक्रीची तारीख आणि वेळ असते, परतीचा रकाना तेवढा रिकामा.